पुऱ्या झालेल्या चित्रावरचा शेवटचा हात

संगणकावर काढलेल्या चित्रात रेषा व रंग यांचा निकाल लागला, म्हणजे चित्रकार त्यावर जे अखेरचे संस्कार करतो त्यांत 'फिल्टर' या साधनांचा वाटा मोठा असतो. परंतु या साधनांना चित्राचा आशय उमगत नाही, ती केवळ बिंदूंचे आकडे ठरावीक गणिताने बदलतात, हे प्रथम ध्यानी घ्यावे.

तेजोवलयाचेच पाहा. सर्व थर एकवटलेली चित्राची नक्कल मूळ चित्रावर ठेवून तिला 'गाउसियन ब्लर' द्यावा, थराचे मिश्रण 'स्क्रीन' पद्धतीचे करावे व त्याचा अंमल 20-30 टक्क्यांवर आणावा. या पद्धतीत काळ्या रंगाचा परिणाम शून्य असल्यामुळे गडद भाग बहुतांशी अबाधित राहतात आणि उजळ भागांचा प्रकाश मात्र, धुक्यातल्या दिव्याप्रमाणे, कडा ओलांडून भोवती पसरतो.

रेषा ठसठशीत करणारा 'अनशार्प मास्क' हा तर संगणकापूर्वीच्या डार्करूमचा वारसा: तेथे निगेटिव्हला तिचीच अस्पष्ट, फिकी पॉझिटिव्ह प्रत जोडून छपाई करीत, आणि फिल्टरही मूळ चित्र व त्याची अस्पष्ट प्रत यांतील फरकच वाढवितो. याचा अतिरेक झाला की कडांना पांढरी किनार सुटते, आणि ती एकदा नजरेस आली की चित्रातले दुसरे काही दिसत नाही.

आकाशासारख्या सलग छटांत पट्टे उमटतात, कारण आठ-बिट चित्रात प्रत्येक मूलरंगाला 256 च पायऱ्या असतात; किंचित 'नॉइज' मिसळताच ते मोडतात. माझ्या मते सर्वांत उपेक्षित व उपकारक फिल्टर हाच. मात्र मूळ दस्तऐवजास हात न लावता सारे स्वतंत्र थरावर करावे, म्हणजे फेरविचारास मुभा राहते.