संशयातून सुटलेली माणसे

वाचनालयातून रहस्यकथा घरी नेताना ती एखाद्या चरित्रग्रंथाखाली दडवण्याची खोड आमच्यापैकी पुष्कळांना होती. बाबूराव अर्नाळकरांची पुस्तके तर आम्ही शाळेच्या वहीत घालून वाचली. अर्नाळकरांनी (१९०६–१९९६) हजारावर रहस्यकथा लिहिल्या, आणि त्यांच्या झुंजाराने व काळापहाडाने किती मुलांना वाचनाची गोडी लावली याची गणती नाही. हे ऋण मान्य करूनच सांगावेसे वाटते की, आज आम्हांला बोलायचे आहे ते एका निराळ्या जातीच्या कथेविषयी.

झुंजाराच्या कथेत धाडस असते, पाठलाग असतो. या दुसऱ्या कथेत यांतले फारसे काही नाही. एक लहान गाव, एकमेकांना पुरती ओळखणारी दहाबारा माणसे, आणि त्यांतच घडलेला एक खून. रक्तपाताचे वर्णन नाही, शिव्याशाप नाहीत. इंग्रजीत अशा कथेला ‘कोझी’, म्हणजे ऊबदार, म्हणतात. खुनाच्या गोष्टीला ऊबदार म्हणावे हे विचित्रच! आपण तिला घरगुती रहस्यकथा म्हणू.

या कथेची मूळ गृहिणी अगाथा ख्रिस्ती. १९३० साली तिने मिस मार्पल ही म्हातारी कादंबरीत आणली. ही बाई विणकाम करते, बागेत रमते आणि गावातील प्रत्येकाचा स्वभाव जाणते. कोणी सभ्य गृहस्थ दिसला की तिला गावातला तसाच दुसरा कोणी आठवतो, आणि त्यावरून ती त्याला ओळखते. वाशीमच्या जुन्या गल्लीत ओसरीवर वाती वळत बसलेल्या आजीला ही विद्या कोणी शिकवावी लागत नाही. कोणाच्या घरी कोण, किती वाजता आले, हे तिला ठाऊक असतेच.

खेळाचे नियम मात्र कडक. रोनाल्ड नॉक्स या धर्मगुरूने, जो स्वतः अशा कथा लिही, १९२९ साली दहा नियम सांगितले. गुन्हेगार कथेच्या आरंभीच दिसला पाहिजे, भुताखेतांवर भार टाकू नये, आणि जो धागा शोधकाला सापडला तो वाचकापासून लपवू नये. हा शेवटचा नियम म्हणजे लेखकाने वाचकाला दिलेला शब्दच. शेवटी आपण फसतो, पण मागची पाने उलटून पाहिली तर सारे तेथेच होते!

परंतु आमच्या मते खरा आनंद गुन्हेगार सापडण्यात नाही. उरलेले सुटतात त्यात आहे. आमच्या परिचयाच्या एका घरात अंगठी हरवली. भांडी घासणाऱ्या बाईकडे सर्वांनी पाहिले. तोंडाने कोणी काही बोलले नाही. तीन महिन्यांनी अंगठी तांदळाच्या डब्यात निघाली. डबा भरताना घरच्याच सुनेच्या बोटातून ती निसटली होती. तोवर त्या बाईची चार घरची कामे सुटली होती, आणि अंगठी सापडल्याची बातमी त्या चारही घरी सांगायला कोणी गेले नाही.

लहान गावात संशय असा चिकटतो. ख्रिस्तीने १९५८ साली यावरच एक कादंबरी लिहिली. खुनासाठी शिक्षा झालेला मुलगा तुरुंगात मरतो, आणि पुढे तो निर्दोष होता असे सांगणारा साक्षीदार येतो. घरच्यांना आनंद होत नाही. मग खून कोणी केला? घरातल्यापैकीच कोणी तरी. आणि खरे नाव कळेपर्यंत सगळेच एकमेकांकडे चोरून पाहू लागतात. म्हणून शेवटच्या प्रकरणात सर्वांना दिवाणखान्यात बसवून एकेकाची हकिगत उलगडण्याची जी प्रथा आहे, तिला आम्ही केवळ नाटकीपणा म्हणत नाही. ज्यांच्यावरचा संशय फिटला, त्यांनाही ते चारचौघांसमोर ऐकायला मिळते.

ख्रिस्तीचे अनुवाद मराठीत मिळतात. वाचताना एक करावे. पाऊण पुस्तक झाले की ते मिटून गुन्हेगाराचे नाव चिठ्ठीवर लिहून ठेवावे. त्याखाली, आपण उगाच ज्यांच्यावर संशय घेतला, त्यांचीही नावे लिहावीत. ही दुसरी यादी आमची तरी नेहमी लांब निघते.