ठिपका पुसण्याआधी

युद्धकाळात विमानातून टिपलेल्या फोटोवर एखादा बारीक काळा ठिपका दिसला, तर त्याची चौकशी करावी लागते. छापताना निगेटिव्हवर धूळ बसली असेल तर प्रिंटवर ठिपका पांढरा उमटतो. फोटो काढतानाच फिल्मवर कण बसला असेल तर तेवढ्या जागी प्रकाश पोचत नाही आणि प्रिंटवर तो काळा येतो. तिसरी शक्यता अशी, की ठिपका धुळीचा नसतोच. खाली जमिनीत घुसलेल्या आणि न फुटलेल्या बॉम्बचे ते भोक असते.

ही शक्यता कल्पनेतली नाही. बर्लिनच्या उत्तरेला ओरानियनबुर्ग नावाचे गाव आहे. १५ मार्च १९४५ रोजी अमेरिकेच्या ६००हून अधिक बॉम्बर विमानांनी त्यावर हल्ला केला. त्यातल्या पुष्कळ बॉम्बना उशिरा फुटणारे रासायनिक फ्यूज होते: अॅसिटोनची काचेची कुपी फुटायची, अॅसिटोन सेल्युलॉइडच्या चकत्या हळूहळू विरघळवायचे आणि मग स्फोट व्हायचा. सगळ्याच चकत्या ठरल्याप्रमाणे विरघळल्या नाहीत. तिथे आजही बॉम्ब सापडतात, आणि जर्मनीत अशा शोधासाठी दोस्त राष्ट्रांच्या टेहळणी विमानांनी काढलेले फोटो वापरतात. फुटलेल्या बॉम्बचा खड्डा फोटोत मोठा दिसतो, न फुटलेल्याचा नुसता ठिपका. योगायोग असा, की हे सेल्युलॉइड आणि त्या काळातली जुनी नायट्रेट फिल्म एकाच कुळातली.

अशा फोटोंचा प्रचंड साठा एडिनबरा येथील नॅशनल कलेक्शन ऑफ एरियल फोटोग्राफीकडे आहे. २००८ साली तो कील विद्यापीठातून तिथे हलवला गेला. आज तिथल्या छायाचित्रांची संख्या तीन कोटींच्या वर सांगतात. यातले असंख्य फोटो इंग्लंडमधल्या मेडमेनहॅमच्या हवेलीत तपासले गेले होते. टेहळणी विमान उडत असताना कॅमेरा एकावर एक चढणाऱ्या चौकटी टिपत जायचा. लागोपाठच्या दोन प्रिंट स्टीरिओस्कोपखाली ठेवल्या की जमीन उठून दिसे. १९४३च्या नोव्हेंबरमध्ये तिथल्या फोटो-विश्लेषक कॉन्स्टन्स बॅबिंग्टन स्मिथने पेनेम्युंड या जर्मन चाचणी केंद्राच्या फोटोत व्ही-वन हे उडते अस्त्र हेरले. ते फोटोत एवढेसेच होते. कुणी ‘डाग’ समजून साफ केले असते तर? जोडीच्या चौकटींचा उपयोग आजही होतो. दोन्हींत भूभागाच्या त्याच जागी दिसणारा ठिपका जमिनीवरचा, एकाच चौकटीत असणारा फिल्मवरचा.

पुनरुद्धार म्हटले की स्वच्छता डोळ्यांसमोर येते. पण या कामातला निम्मा वेळ काय पुसायचे नाही हे ठरवण्यातच जातो.

पुसायलाही आधी फिल्म शिल्लक हवी. नायट्रेट फिल्म भडकन पेट घेते, आणि जुनी झाली की चिकट होऊन शेवटी तिचा भुगा होतो. तिच्या जागी आलेली अॅसिटेटची ‘सेफ्टी’ फिल्म सहजी पेट घेत नाही, पण सडते. डबा उघडताच व्हिनेगरचा उग्र वास येतो. पाया आकसतो, वरचा जिलेटिनचा थर मात्र आकसत नाही, त्यामुळे त्याला सुरकुत्या पडतात. १९४८ साली आलेल्या ट्रायअॅसिटेट फिल्मच्या अशा ऱ्हासाची पहिली तक्रार कोडॅककडे गेली ती भारत सरकारकडून. इथल्या उकाड्यात आणि दमटपणात ठेवलेले डबे दहा वर्षांच्या आत कुजू लागले होते. मुंबईच्या एका पावसाळ्यात कपाटातल्या फोटोंचे काय होते हे पाहिलेल्यांना यात नवल वाटणार नाही.

स्कॅन झाल्यावरही सोपे नाही. रंगीत निगेटिव्हवरची धूळ इन्फ्रारेड किरणांनी ओळखून आपोआप काढणारे स्कॅनर आहेत. कृष्णधवल फिल्मवर ही युक्ती चालत नाही. तिथे प्रतिमाच चांदीच्या कणांची असते, आणि चांदीही धुळीसारखीच ते किरण अडवते. म्हणजे माणसाने पडद्यासमोर बसून एकेक ओरखडा भरत जायचे.

त्या माणसाला विमाने कळली पाहिजेत. पहिल्या महायुद्धात वापरलेल्या ऑर्थोक्रोमॅटिक प्लेटला लाल रंग दिसतच नसे. ब्रिटिश विमानांवरच्या गोल चिन्हातला लाल मध्य त्यामुळे काळाकुट्ट उमटतो आणि बाहेरचे निळे कडे फिकट पडते. आता जुन्या फोटोंना यंत्राकडून रंग भरून घेण्याची हौस आली आहे. दुसऱ्या महायुद्धातल्या ब्रह्मदेशच्या आघाडीवरच्या फोटोंत या यंत्राची फजिती ठरलेली. जपानी विमानांवरच्या लाल गोळ्याशी घोटाळा नको म्हणून तिथल्या ब्रिटिश आणि भारतीय विमानांच्या चिन्हातून लाल रंग काढून टाकला होता. उरले गडद निळे कडे आणि आत फिकट निळा गोल. १९४४ साली अर्जन सिंग यांच्या नेतृत्वाखाली इंफाळवर लढलेल्या भारतीय हवाई दलाच्या एक नंबर स्क्वाड्रनच्या हरिकेन विमानाच्या चिन्हात कुणी झकास लाल ठिपका भरला, तर फोटो सुंदर दिसेल आणि साफ खोटा ठरेल.

खरे रंगही शिल्लक आहेत. फेब्रुवारी १९४३मध्ये आल्फ्रेड पामर यांनी टेनेसीतल्या नॅशव्हिलच्या व्हल्टी कारखान्यात ‘व्हेंजन्स’ विमानावर काम करणाऱ्या स्त्रियांचे फोटो कोडाक्रोमवर काढले. ते लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये आहेत. अंधारात ठेवलेले कोडाक्रोम फारसे विटत नाही, म्हणून ड्रिल चालवणाऱ्या त्या कामगार स्त्रीचा डोक्याचा रुमाल आजही ताजा दिसतो. याच जातीची विमाने भारतीय हवाई दलाच्या सात आणि आठ नंबरच्या स्क्वाड्रननी ब्रह्मदेशात उडवली.

हात सैल सोडला की काय होते याचे दाखलेही याच क्षेत्रात आहेत. ऑस्ट्रेलियाचे अधिकृत छायाचित्रकार फ्रँक हर्ली यांनी १२ निगेटिव्ह जोडून हल्ल्याचे एकच भव्य दृश्य उभे केले, वर आकाशात विमानेही बसवली, आणि १९१८ साली लंडनच्या ग्राफ्टन गॅलरीत ते सुमारे २० फूट लांबीच्या प्रिंटवर झळकवले. इतिहासकार चार्ल्स बीन यांच्याशी त्यांचा वाद जुंपला तो अशाच जोडचित्रांवरून. वेस्ली आर्चरने तर कमाल केली. १९३३ साली निनावी निघालेल्या पुस्तकातले त्याचे हवाई चकमकींचे फोटो चक्क छोट्या मॉडेल विमानांचे होते. हे उघड व्हायला १९८०चे दशक उजाडले. खऱ्या चकमकींचे फोटो इतके नेटके नसतात, ही शंका आधीच यायला हवी होती.

सेन्सॉरची खाडाखोड हा निराळा पेच. ब्रिटिश सेन्सॉर रात्रीच्या लढाऊ विमानांच्या नाकावरचे रडारचे अँटेना फोटोतून उडवत, विमानाच्या अंगावरची स्क्वाड्रनची अक्षरे खोडत. ती जागा आज ‘पूर्ववत’ करावी का? शहाणे लोक करत नाहीत, कारण ती खाडाखोडही त्या फोटोच्या इतिहासाचाच भाग आहे.

शेवटी छपाई. चांगली प्रिंट बॅरायटा कागदावर काढली, तर तो कागद वाहत्या पाण्यात बराच वेळ धुवावा लागतो, नाहीतर आत राहिलेला हायपो (चित्र पक्के करणारे रसायन) काही वर्षांत चित्र पिवळे पाडतो. युद्धात फोटो घाईने हवे असत, तेव्हा धुण्यावर वेळ घालवायला कुणाला सवड होती? त्या पिवळट प्रिंट आज दोन्ही बाजूंनी स्कॅन करतात. पुढच्या बाजूला सेन्सॉरने खोडलेली स्क्वाड्रनची ओळख कधीकधी मागे पेन्सिलीने लिहिलेली सापडते.