परतीचे भाडे आणि परतीचा हक्क

१९०८ मध्ये जपानी मजुरांची पहिली तुकडी ब्राझीलच्या कॉफीमळ्यांवर गेली. अशा स्थलांतरितांच्या मुलानातवंडांना १९९० मध्ये अमलात आलेल्या सुधारित कायद्याने जपानचे द्वार खुले केले. परंतु रक्तसंबंधाच्या आधारे प्रवेश मिळालेल्या या लोकांच्या वाट्यास आली ती बहुधा मोटार-कारखान्यांतील ठेकेदारी मजुरी. २००८ च्या मंदीत प्रथम कोसळली ती हीच फळी.

एप्रिल २००९ पासून जपानी शासनाने अशा बेकार कामगारास ३ लक्ष व प्रत्येक अवलंबितास २ लक्ष येन परतीच्या प्रवासासाठी देऊ केले. अट एवढीच, की त्याच दर्जाने पुन्हा जपानात येऊ नये. ही मदत सुमारे २०,००० ब्राझिलींनी घेतली. मात्र २००८ ते २०१० या काळात जपानातील ब्राझिलींची संख्या सुमारे ८२,००० ने घटली. म्हणजे बहुसंख्यांनी पदरमोड करून भाडे भरले आणि पुनरागमनाचा हक्क राखला, असे अनुमान निघते. ज्यांच्यापाशी भाडेही नव्हते, त्यांच्या परतण्यास ‘ऐच्छिक’ म्हणणे धाडसाचेच होय. शिवाय जपानातच जन्मलेल्या मुलांच्या बाबतीत ‘परतणे’ हे क्रियापदही लागू पडत नाही.

ही बंदी २०१३ मध्ये उठली. तीही किमान एक वर्षाचा नोकरीचा करार दाखविणाऱ्यांपुरतीच.