अल्पवयीन आरोपीचं नाव आणि विकिपीडियाचं एडिट बटण

आजचा प्रश्न असा: पंधरा-सोळा वर्षांच्या मुलाच्या हातून गुन्हा घडला, तर विकिपीडियावर त्याचं नाव असावं का?

भारतात कायदा स्पष्ट आहे. २०१५च्या बाल न्याय कायद्याचं कलम ७४ सांगतं, की अशा मुलाचं नाव, पत्ता, शाळा, फोटो, ओळख पटेल असं काहीच कुठल्याही माध्यमात द्यायचं नाही. दिलं तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही.

'पण माहिती खरी आहे ना?' असं कुणी म्हणेल. असेलही. पण नाव गाळलं म्हणून घटना समजायची राहते का? काय झालं, कुठे झालं, कोर्टाने काय ठरवलं, हे सगळं तसंच सांगता येतं.

आता माझ्यातला इंजिनिअर बोलतो. विकिपीडियावर ओळ डिलीट केली तरी जुनी आवृत्ती पानाच्या इतिहासात दिसत राहते. तिथूनही ती लपवता येते, पण ते अधिकार मोजक्याच लोकांकडे असतात. शिवाय मजकूर मुक्त परवान्याचा, त्यामुळे तोवर दुसऱ्या साइट्सनी तो उचललेलाही असू शकतो.

तोच मुलगा पंचविशीत नोकरी शोधेल, तेव्हा एचआरवाले त्याचं नाव सर्च करतीलच. कायद्याने दिलेली दुसरी संधी अशी एका एडिटमध्ये जाते.

म्हणून बटण दाबण्याआधी जरा थांबा. नाव टाकायला दोन सेकंद लागतात. ते परत घेणं जमेलच असं नाही.