मेंदूची शिबंदी

मेंदू आणि मेरुरज्जू यांच्या रक्षणास नेमलेल्या पेशी सर्वत्र एकाच मगदुराच्या असाव्यात, हा पाठ्यपुस्तकांतून दीर्घकाळ रूढ असलेला समज आता बराचसा निकालात निघाला आहे. 1919 साली माद्रिद येथे पिओ देल रिओ-होर्तेगा या संशोधकाने रौप्य कार्बोनेटाच्या रंजनविधीने या नाजूक, बहुशाख पेशी प्रथम स्पष्टपणे दाखविल्या आणि त्यांना ‘मायक्रोग्लिया’ असे नाव दिले. पुढच्याच वर्षी प्रयोगशाळेचे प्रमुख काहाल यांच्याशी बेबनाव होऊन त्याला ती सोडावी लागली, पण त्याने दिलेले नाव मात्र कायम राहिले.

या शिबंदीची भरती मोठी विलक्षण आहे. चेतापेशी ज्या भ्रूणस्तरातून घडतात त्याच्याशी हिचे नाते नाही. पीतककोशात जन्म घेऊन, भ्रूणावस्थेतच मेंदूच्या मुलखात शिरून, तेथेच कायमची वस्ती करणाऱ्या या पेशी आहेत, हे 2010 मध्ये उंदरांवरील प्रयोगांनी सिद्ध झाले. तत्पूर्वी, 2005 मध्ये, जिवंत उंदराच्या मेंदूत डोकावणाऱ्या सूक्ष्मदर्शकाने असे दाखविले होते की, विश्रांत समजल्या जाणाऱ्या या पेशींच्या शाखा आसपासचा परिसर अखंड चाचपीत असतात.

तैनाती मात्र सर्वत्र सारखी नाही. 1990 मध्ये ऑक्सफर्डच्या लॉसन, पेरी, गॉर्डन प्रभृतींनी उंदराच्या मेंदूची शिरगणतीच केली, तेव्हा एकूण संख्या सुमारे 35 लाख भरली; परंतु बाह्यकात एकूण पेशींच्या 5 टक्के असलेले हे प्रमाण, पार्किन्सन व्याधीत ज्याचा ऱ्हास होतो त्या सब्स्टॅन्शिया नायग्रा नामक काळसर भागात 12 टक्क्यांपर्यंत चढलेले आढळले. रसदीचा बंदोबस्तही निराळा: बाह्यक व हिप्पोकॅम्पस येथील पेशी बहुतांशी इंटरल्यूकिन-34 या प्रथिनावर जगतात, तर श्वेतद्रव्यातील आणि लहान मेंदूतील पेशींची मदार सीएसएफ-1 या दुसऱ्या प्रथिनावर असते, आणि नवल असे की, दोहोंना स्वीकारणारा ग्राहक एकच आहे.

लहान मेंदूतील पेशी विरळ आणि कमी शाखांच्या असल्या, तरी मृत पेशींचा निचरा करण्यात त्या तरबेज असतात. मेंदूच्या खोलवर असलेल्या स्ट्रायेटम या भागातील पेशींत हाच निचऱ्याचा कार्यक्रम जनुकांच्या पातळीवर दाबून ठेवलेला असतो. हा भेद रक्ताचा की जागेचा, असा प्रश्न साहजिकच उद्भवतो. 2017 मध्ये, स्ट्रायेटम ज्यात मोडते त्या बेसल गँग्लिया नामक केंद्रसमूहातील या पेशी औषधाने नाहीशा करून पाहिल्या असता, पुन्हा उगवलेल्या पेशींनी आपापल्या ठिकाणचीच घडण धारण केली. मुलूखच शिपायाला घडवितो, हे माझ्या मते या साऱ्या संशोधनाचे सार होय.

मेरुरज्जूचा कारभार तर त्याहून तापट. एकसारख्याच आघाताने मेंदूत जेवढा दाह उद्भवतो, त्याहून कितीतरी अधिक दाह उंदराच्या मेरुरज्जूत उसळतो, रक्तातील श्वेतपेशींची गर्दीही तेथे जास्त होते, आणि यात मायक्रोग्लियाखेरीज रक्तवाहिन्यांच्या सैल तटबंदीचाही हात असतो.

उंदराचा नकाशा जसाच्या तसा माणसावर लादणाऱ्यांनी एवढे ध्यानात घ्यावे की, उंदरात या पेशी करड्या द्रव्यात दाट असतात, तर मानवी मेंदूत त्या श्वेतद्रव्यात अधिक आढळल्या असून, त्यांचे प्रमाण जागेनुसार 0.5 पासून 16.6 टक्क्यांपर्यंत बदलते.