रेघेबाहेरची माणसे

पाऊस ओसरू लागला, की शाळाशाळांचे सामने रंगात येतात. मैदानावर चुन्याच्या रेघा पडतात. मुले पाठीवर नंबर लावून उतरतात. रेघेच्या आत मुले असतात आणि रेघेच्या बाहेर आपण मोठी माणसे असतो. आई, बाप, मामा, गावची मंडळी आणि शाळेचे खेळाचे सर. आत काय चालते ते सर्वजण बघतात. बाहेर काय चालते, त्याविषयी आज आम्ही चार गोष्टी सांगणार आहोत.

आम्ही पुष्कळ वर्षे शाळेत हेडमास्तर होतो. संघ घेऊन तालुक्याला गेलो, जिल्ह्याला गेलो. पंचांच्या टेबलाशी बसून गुण लिहिले. त्यामुळे कडेच्या माणसांचा आवाज आमच्या चांगल्या ओळखीचा आहे. "ए पंच, डोळे फुटले का?" "तंगडी धर त्याची, आपट!" "खाल्लंस ना शेण शेवटी!" हे शेवटचे वाक्य बापाने स्वतःच्याच मुलाला म्हटलेले असते, बरे का. मुलगा असतो तेरा वर्षांचा, आणि दोनशे माणसे ऐकत असतात.

ही माणसे वाईट असतात का? मुळीच नाही. एरवी शेजाऱ्याशी चढ्या आवाजात न बोलणारा माणूस मैदानावर शिव्या देतो. कारण मुलाचा गुण तो आपला गुण, मुलाची हार ती आपली हार, असे त्याला वाटू लागते. त्यात पोटाचा प्रश्नही असतो, तो नाकारून चालणार नाही. आपल्या राज्यात खेळाडूंना दहावी-बारावीला वाढीव गुण मिळतात. सरकारी नोकरीत शंभरात ५ जागा खेळाडूंसाठी राखीव आहेत. गरिबाच्या घरी ही लहान गोष्ट नव्हे. सरांचेही तसेच. संस्थेच्या ऑफिसात ढाल मांडायची असते. ढाल आली नाही, तर वरून विचारणा होते.

पण ओरडण्याने गुण वाढतात का? कबड्डीचेच पाहू. चढाई करणाऱ्या मुलाला एका वेळी किती कामे असतात! एका श्वासात "कबड्डी कबड्डी" म्हणायचे, ३० सेकंदांच्या आत परत यायचे, समोरच्या सात जणांचे पाय बघायचे, कोपऱ्यातला गडी कधी झेप घेतो ते ओळखायचे. तेवढ्यात बाहेरून बाप ओरडतो, "डावीकडे जा!" सर ओरडतात, "मागे फीर!" मुलगा क्षणभर बाहेर बघतो आणि तेवढ्यात त्याची पकड होते. आम्ही हे कितीतरी वेळा पाहिले आहे. गंमत अशी, की हा धोका खेळाच्या नियमांनी आधीच ओळखला आहे. चढाई चालू असताना त्याच्याच बाजूच्या खेळाडूने त्याला सूचना केली, तर विरुद्ध संघाला एक गुण देतात. खेळाडूला हा नियम लागू आहे. बापाला मात्र तो लागू नाही!

पंचांवर ओरडण्याचीही एक तऱ्हा सांगतो. कबड्डीच्या मैदानाला दोन्ही बाजूंना एकेक मीटरची पट्टी असते. तिला लॉबी म्हणतात. एरवी त्या पट्टीत पाय पडला की गडी बाद. पण एकदा अंगाला अंग लागून झटापट सुरू झाली, की ती पट्टी मैदानातच धरली जाते. कडेच्या माणसाला एवढेच दिसते, की पाय पट्टीत गेला आणि पंचाने बाद दिले नाही. मग "पैसे खाल्ले, पैसे खाल्ले" अशी हाकाटी सुरू होते. पंचाने पैसे खाल्लेले नसतात. त्याला नियम ठाऊक असतो आणि आपल्याला नसतो, एवढेच.

एका तालुक्याच्या गावी मुलींच्या खोखोचा सामना होता. पंच म्हणून एक तरुण शिक्षिका होत्या. एका मुलीला त्यांनी बाद दिले. मुलीचा बाप मैदानात शिरला. त्याने हात उगारला नाही, पण तोंडाने बाकी काही ठेवले नाही. खेळ वीस मिनिटे थांबला. ती मुलगी पाटीवर बसून रडत होती, बाद झाली म्हणून नव्हे, बापाकडे सगळे बघत होते म्हणून. पुढच्या वर्षी त्या बाई पंच म्हणून आल्या नाहीत. मुलगीही आली नाही. दोघींचा खेळ तिथेच संपला, आणि बाप मात्र अजून तो सामना आपण कसा गाजवला ते सांगतो.

आता गुरुजींविषयी. मुंबईला दादरच्या शिवाजी पार्कवर रमाकांत आचरेकर सर क्रिकेट शिकवीत. सचिन तेंडुलकर त्यांचे शिष्य. लहानपणचा एक प्रसंग तेंडुलकरांनी २०१४ साली निघालेल्या आत्मचरित्रात दिला आहे. शाळेच्या सामन्यात ३० धावा झाल्या तरच वर्तमानपत्रात नाव येई. त्यांच्या २४ झाल्या होत्या. धावा लिहिणाऱ्याने अवांतरातल्या ६ धावा त्यांच्या नावावर टाकल्या. नाव छापून आले. पण सर रागावले. जी धाव काढलीच नाही, ती आपल्या नावावर कशी? दुसरे कोणी असते, तर पेढे वाटले असते. याच सरांनी सराव सामना चुकवला म्हणून त्यांना थप्पडही मारली होती, तेही तेंडुलकर सांगतात. तो काळ तसा होता. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने शाळेत मुलाला मारायला आणि मानसिक त्रास द्यायला बंदी आहे. आमच्या मते, "सचिनलाही मार पडला होता" म्हणून काठी उचलणारे सर धावांचा प्रसंग सोयीने विसरतात.

सर्वांत वाईट गोष्ट ओरडून होत नाही. ती गुपचूप होते. सोळा वर्षांचा मुलगा चौदा वर्षांखालील संघात घालायचा, त्यासाठी जन्माचा दाखला बदलायचा. बाप हो म्हणतो, सर हो म्हणतात. मुलगा अंगाने मोठा, म्हणून जिंकतो. खऱ्या चौदा वर्षांच्या मुलाची जागा जाते. राहुल द्रविड २०१५ साली एका व्याख्यानात याच विषयावर बोलले. आपले आई-वडील आणि प्रशिक्षक खोटा दाखला बनवतात हे पाहणारे मूल पुढे लबाडच होणार नाही का, असा त्यांचा प्रश्न होता. क्रिकेट मंडळ वय तपासायला मनगटाचा एक्स-रे काढते. हाडांच्या वाढीवरून वयाचा अंदाज येतो. खोटे वय सांगणारा सापडला तर दोन वर्षे बंदी, असे मंडळाने २०२० साली जाहीर केले. स्वतःहून कबूल करील त्याला त्या वेळी माफी दिली होती. बंदी भोगतो तो मुलगा. दाखला मात्र त्याने बनवलेला नसतो.

मग अन्याय झाला तर गप्प बसायचे का? नाही. पण बाद की नाबाद, हा पंचाचा निर्णय, तो ओरडून बदलत नाही. वयाची, वजनाची, दुसऱ्या शाळेचा मुलगा खेळवल्याची तक्रार असेल, तर तिला वाट आहे. तिला लेखी हरकत म्हणतात. आईबापांनी सरांना सांगायचे आणि सरांनी किंवा संघाच्या व्यवस्थापकाने ती ठरलेल्या वेळात, ठरलेली फी भरून द्यायची. वेळ आणि फी स्पर्धेच्या नियमपत्रकात दिलेली असते. ते पत्रक सरांकडून मागून घ्या आणि स्वतः वाचा. आता तुम्हांला वाचता येते. हरकतीचा मजकूर अवघा दोन-तीन ओळींचा असतो. वर तारीख. मग सामना कोणता, कोणत्या शाळांचा. मग खेळाडूचा नंबर आणि हरकत कशाबद्दल. खाली सही. एक प्रत आपल्याजवळ ठेवावी, आणि घेणाऱ्याची सही तिच्यावर घ्यायला विसरू नये.