दृढीकरणाआधीचे प्रश्न

तान्ह्या बाळाला बाप्तिस्म्यासाठी पुढे आणतात, तेव्हा त्याच्या वतीने दुसरेच बोलतात. पाळक विचारतात, आईबाप आणि धर्ममातापिता उत्तर देतात. बाळ तेव्हा रडत तरी असते, नाहीतर झोपलेले. पुढे तेच मूल चौदा-पंधरा वर्षांचे झाले की बिशपांसमोर उभे राहते. आता प्रश्न थेट त्याला असतात: तुझ्या वतीने दिलेली वचने तुला मान्य आहेत का? उत्तरही त्यालाच द्यावे लागते. मग बिशप डोक्यावर हात ठेवून प्रार्थना करतात. कॅथलिक पंथात कपाळावर पवित्र तेलाचा अभिषेकही होतो. या विधीला दृढीकरण म्हणतात. छत्रपती संभाजीनगरात छावणीतले जुने क्राइस्ट चर्च आहे, १९७७ साली स्थापन झालेला कॅथलिक धर्मप्रांत आहे, आणि दोन्हीकडे हा विधी आहे. नवे कपडे, फोटो, घरी पाहुणे असा सोहळा नीट पार पडतो. एवढे झाले की पोराची श्रद्धा पक्की झाली, असे पुष्कळ घरांत मानले जाते. खरे तर त्या दिवशी मुलाने दिलेला होकार त्याचा स्वतःचा आहे की पाठ केलेला, यावरच पुढचे सारे ठरते. आणि तो स्वतःचा हवा असेल तर त्याआधी त्याला प्रश्न विचारण्याची, प्रसंगी ‘अजून नाही’ म्हणण्याची मोकळीक मिळायला हवी.

हा काही आजच्या मानसशास्त्राने चर्चवर लादलेला विचार नाही. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात सहा निरनिराळ्या मंडळ्या एकत्र आल्या आणि ‘चर्च ऑफ नॉर्थ इंडिया’ स्थापन झाले. त्यांत अँग्लिकन होते. ते बालकांना बाप्तिस्मा देत. बॅप्टिस्ट आणि ब्रेदरनही होते. त्यांच्या मते ज्याला विश्वास स्वतःच्या तोंडाने कबूल करता येतो त्यालाच बाप्तिस्मा द्यावा. युरोपात या मुद्द्यावरून शतकानुशतके भांडणे झाली, माणसांचे जीव गेले. नागपुरात जमलेल्यांनी दोन्ही रीती मान्य केल्या. पण बारकाईने पाहिले तर दोन्ही वाटा एकाच ठिकाणी येतात. बाप्तिस्मा आधी होवो की नंतर, एका टप्प्यावर त्या मुलाला किंवा मुलीला स्वतः बोलावेच लागते. आईबापांची श्रद्धा वारशाने मिळते आणि पुरते, असे यांपैकी कोणतीच परंपरा म्हणत नाही.

मराठवाड्यातल्या मुलाला हे बोलणे सोपे नाही. २०११ च्या जनगणनेनुसार महाराष्ट्रात ख्रिस्ती लोक सुमारे १० लाख ८० हजार, म्हणजे एक टक्क्याहूनही कमी. वर्गात असा एखाददुसराच विद्यार्थी असतो. ‘तुम्ही कधी बाटलात?’, ‘तुम्हाला काय मिळालं?’ असे प्रश्न मधल्या सुट्टीत येतात, आणि त्यांचे उत्तर शब्बाथ शाळेत कोणी शिकवलेले नसते. इथल्या अनेक कुटुंबांचे पूर्वज दलित समाजातून ख्रिस्ती झाले. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार अनुसूचित जातीचा दर्जा हिंदूंपुरता होता. १९५६ मध्ये शिखांना आणि १९९० मध्ये बौद्धांना तो मिळाला, ख्रिस्तींना नाही. त्यामुळे धर्म आणि जात यांचे रकाने भरताना पंधरा-सोळा वर्षांच्या मुलाला कळते की आपण कोण हा प्रश्न निव्वळ प्रार्थनेचा नाही, कागदपत्रांचा आणि कॉलेजच्या प्रवेशाचाही आहे. अशा वातावरणात वडीलधाऱ्यांचा पहिला कल कुंपण घालण्याकडे असतो. दहा आज्ञा, प्रभूची प्रार्थना, मतांगीकार तोंडपाठ करून घ्या, बाहेरच्या गोष्टी कानावर पडू देऊ नका, उलट विचारले तर ‘देवाच्या गोष्टीत तोंड घालू नये’ म्हणून गप्प करा. पाठांतराला किंमत आहेच. पाठ असलेली प्रार्थना अडचणीच्या वेळी ओठावर येते. पण मधल्या सुट्टीतल्या प्रश्नाला ती पुरत नाही.

श्रद्धा पुढच्या पिढीत कशी टिकते यावर अमेरिकेत बरेच संशोधन झाले आहे. समाजशास्त्रज्ञ ख्रिश्चन स्मिथ आणि त्यांच्या सहकारी मेलिंडा डेंटन यांनी तेरा ते सतरा वयाच्या तीन हजारांवर मुलामुलींचे सर्वेक्षण करून २००५ मध्ये त्यावर पुस्तक लिहिले. मुलांच्या श्रद्धेवर सर्वांत मोठा प्रभाव आईबापांचा, हा त्यांचा एक निष्कर्ष. दुसरा जास्त बोचणारा आहे: आपण काय मानतो हे बहुतेक मुलांना सांगताच येत नव्हते, आणि तुझा विश्वास काय असे एखाद्या मोठ्या माणसाने विचारण्याची कित्येकांची ती पहिलीच वेळ होती. व्हर्न बेंगट्सन यांनी सुमारे ३५ वर्षे साडेतीनशे कुटुंबांतील साडेतीन हजारांवर माणसांचा मागोवा घेतला. २०१३ मध्ये त्यांनी मांडले की धर्म पुढे जाण्यात आईबापांच्या धाकापेक्षा त्यांच्या मायेचा वाटा मोठा, त्यातही वडिलांशी असलेल्या जवळिकीचा. अमेरिकेचे निष्कर्ष गंगापूर-पैठणला जसेच्या तसे लागू करता येणार नाहीत, हे खरे. तिथे ख्रिस्ती बहुसंख्य आहेत, इथे मूठभर. पण हा फरक उलट्या दिशेने काम करतो. जिथे शाळा आणि शेजारपाजार तुमच्या श्रद्धेला आधार देत नाहीत, तिथे घरातल्या बोलण्यावर आणखीच भार पडतो.

आपल्याकडचा इतिहासही हेच सुचवतो. १८४३ साली मुंबईत नारायण शेषाद्री या ब्राह्मण तरुणाने बाप्तिस्मा घेतला. त्याचा सुमारे बारा वर्षांचा धाकटा भाऊ श्रीपत हाही मिशनऱ्यांकडे राहत होता. वडील तेव्हाच्या सुप्रीम कोर्टात गेले आणि कोर्टाने मुलगा त्यांच्या स्वाधीन केला. मग त्याला प्रायश्चित्त देऊन जातीत घ्यावे की नाही यावर वाद पेटला. घ्यावे म्हणणाऱ्यांची बाजू बाळशास्त्री जांभेकरांनी लढवली. मिशनरी, वडील, न्यायाधीश, शास्त्री अशा साऱ्यांनी त्या पोराविषयी मत दिले. त्याच्या स्वतःच्या म्हणण्याला मात्र वजन आले नाही. थोरल्या नारायणाचा निर्णय त्याचा स्वतःचा होता. पुढे पाद्री होऊन त्याने मराठवाड्यातल्याच जालन्याजवळ बेथेल ही ख्रिस्ती वसाहत उभारली आणि हयातभर तो त्या निर्णयाला धरून राहिला. दुसरे उदाहरण लक्ष्मीबाई टिळकांचे. त्यांचे पती, कवी नारायण वामन टिळक यांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला, लक्ष्मीबाईंनी १९०० मध्ये. मधली वर्षे ताटातुटीची आणि वादांची होती. आधी सोवळेओवळे आणि जातिभेद लक्ष्मीबाईंच्या मनातून गळाले, बाप्तिस्मा नंतर आला. त्या काही शाळकरी मुलगी नव्हत्या, आणि दोन माणसांच्या आयुष्यावरून नियम काढता येत नाही. तरी नवरा सांगतो म्हणून लगेच होकार दिला असता तर ‘स्मृतिचित्रे’ हे आत्मचरित्र लिहिणाऱ्या लक्ष्मीबाई आपल्याला दिसल्या असत्या का, हे विचारण्यासारखे आहे.

मंडळीतून यावर हमखास आक्षेप येतो: प्रश्नांना वाट दिली तर पोरे हातची जातील. काही जातीलही. पण प्रश्न दाबले म्हणून ते संपत नाहीत; पोरगे इंजिनिअरिंगला पुण्याला गेले की ते वसतिगृहात उफाळतात, आणि तिथे पाळकही नसतात, आईही नसते. ‘देव प्रेमळ आहे तर आजी इतकी का तळमळली?’ हा प्रश्न घरात विचारता आला तर निदान उत्तर शोधायला सोबत असते. शिवाय पवित्र शास्त्रालाच प्रश्नांचे वावडे नाही. ईयोब देवाशी वाद घालतो, अनेक स्तोत्रे तक्रारीने सुरू होतात, जखमा पाहिल्याशिवाय मानणार नाही म्हणणाऱ्या थोमाला येशू हाकलून देत नाही. लूकच्या शुभवर्तमानात बारा वर्षांचा येशू मंदिरात सापडतो, तेव्हा तो गुरुजनांमध्ये बसून ऐकत आणि प्रश्न विचारत असतो. जे त्याला चालले ते आपल्या पोरांना का चालू नये?

बाहेरून येणारा आक्षेप याच्या उलट आहे. कोवळ्या वयात धर्म शिकवणे म्हणजे मनावर ठसे उमटवणे. अठरा वर्षांपर्यंत काही सांगूच नये, मग मुले ठरवतील. या म्हणण्यात तथ्य आहे, पण ते अर्धेच. काहीच न शिकवणारे घर नसते; भाषा, खाणेपिणे, सण, राजकारण हे सारे आपण मुलांना न विचारताच देतो. संयुक्त राष्ट्रांच्या बालहक्क करारात, ज्यात भारत १९९२ मध्ये सामील झाला, यावर समतोल तोडगा आहे: विचार, विवेक आणि धर्म यांचे स्वातंत्र्य मुलाचे, त्याला दिशा देण्याचा अधिकार आईबापांचा, आणि ती दिशा मुलाच्या वाढत्या समजेला धरून. म्हणजे सहा वर्षांच्या आणि सोळा वर्षांच्या मुलाला एकाच सुरात शिकवून चालणार नाही. संस्कार आणि सक्ती यांतला फरक ओळखायची खूणही यातच आहे: मुलाने नकार दिला तर घरातली त्याची जागा तशीच राहते का?

एका पाळकांकडे चार-पाच गावे आणि मुलांना कोचिंग क्लास, तेव्हा वेळ कुठून आणायचा, ही अडचण मात्र खरी आहे. पण यासाठी नवी योजना नको, आहे ती तयारी बदलली तरी पुरे. दृढीकरणाच्या वर्गात निम्मा वेळ प्रश्नांचा ठेवावा. नाव न लिहिता चिठ्ठ्या टाकता याव्यात, आणि जिथे उत्तर ठाऊक नाही तिथे पाळकांनी तसे सांगावे. इंग्रजी माध्यमातल्या मुलांना टिळकांची भजने चालीवर म्हणता येतात, अर्थ लागत नाही. घरी आईवडिलांनी एकेक भजन घेऊन त्यावर बोलावे. तरुण संघात मुलांना नुसते बसवू नये, हिशेब, पेटी-तबला, आजाऱ्यांच्या भेटी अशी जोखमीची कामे सोपवावीत. शेवटी प्रत्येकाने आपण काय मानतो आणि काय अजून पटत नाही हे एका पानावर लिहावे, आणि पाळकांनी एकांतात विचारावे: यंदा थांबायचे आहे का? पंधरातले दोघे थांबले तर वर्गाचा निकाल कमी लागला असे कोणी समजू नये. उरलेल्या तेरा जणांचा होकार त्यांचा स्वतःचा आहे, एवढा भरवसा त्या दोघांमुळेच येतो.